काल्पनिक जमात रचायची? आधी भरती-ओहोटी ठरवा

नकाशा नको, देवही नकोत. तुमची माणसं काय खातात आणि ते कधी मिळतं, एवढं आधी लिहा. बेटांवरची जमात असेल तर मुंबईचं वेळापत्रक उसनं घ्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती दिवसातून दोनदा, रोज साधारण 50 मिनिटं उशिरा. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी. होडी कधी सुटते, वऱ्हाड कधी पोचतं, हे मग आपोआप ठरतं.

सण त्यानंतर. नारळी पौर्णिमेला वजन आहे ते पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात म्हणून. तुमच्या सणामागेही असा रिकामा काळ हवा, नाहीतर नुसती रोषणाई उरते.

इतिहासाला एकच घटना पुरे, पण तोटा कोणाचा झाला ते लिहा. 1845 मध्ये माहीमचा कॉजवे झाला आणि वांद्र्याला जायला तरीची, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीची, गरज उरली नाही. तसाच पूल तुमच्या बेटावर बांधा. तीन पिढ्यांनी तरवाल्यांच्या घरात काय उरलं? भिंतीवरचं वल्हं, पुलावर पाय न ठेवणारी एखादी म्हातारी आणि पूलवाल्यांसाठी राखलेली शिवी. शिवी हवीच, तिच्यातून दोन गट दिसतात. बहुतेक जमाती फसतात त्या सगळे एकाच मताचे असल्यामुळे.

नावांसाठी बारा-पंधरा व्यंजनं निवडा, बाकीची वर्ज्य. हे टाळलं की आजोबा एका मुलखातले वाटतात, नातू भलत्याच.