गावच्या शाळेचा क्रीडादिन: प्रत्येक पोराला पळायला मिळेल असा

बऱ्याच शाळांत क्रीडादिनाला ठरलेली दहा-बारा पोरंच सगळीकडं पळतात आणि सगळी बक्षिसं नेतात. बाकीची उन्हात रांगेत बसून टाळ्या वाजवतात. तालुक्याच्या स्पर्धेसाठी निवड करायची असेल तर ते समजू शकतं. पण शाळेचा किंवा गल्लीतल्या युवक मंडळाचा क्रीडादिन सगळ्यांचा असतो. प्रत्येक पोर निदान चार वेळा मैदानात उतरलं पाहिजे, आणि एकदा चुकलं म्हणून त्याला बाहेर बसवू नये. खालची आखणी याच हिशेबानं केली आहे.

दिवस, वेळ, मैदान

आपल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर भागात, नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे भाताची सुगी. आई-वडील कापणी-मळणीत असतात, तेव्हा कार्यक्रम ठेवला तर बघायला शिक्षकच उरतात. संक्रांतीनंतरचे दिवस चांगले: परीक्षा लांब असते आणि सकाळी हवा गार असते. निपाणी-चिकोडीकडं मात्र ऊसतोड चालूच असते, तिथं पालकांना विचारूनच वार ठरवा. सकाळी आठला सुरू करून साडेअकरापर्यंत आटपा.

जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या तांबड्या मातीत जांभ्याचे खडे असतात आणि बरीच पोरं अनवाणी पळतात. म्हणून आदल्या दिवशी पोरांची एक आडवी रांग करून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालवा; ज्यानं त्यानं आपल्या पायासमोरचा खडा, काच, सराटा उचलायचा. पूर्वेकडच्या काळ्या रानात भेगा पडतात. त्या मातीनं बुजवा आणि पाणी मारून चोपून घ्या, नाहीतर नेमका तिथंच पाय मुरगळतो.

पट्टे फक्कीनं आखा. कळीचा चुना कधीही वापरू नका, डोळ्यात गेला तर इजा करतो. सकाळचं ऊन तोंडावर येऊ नये म्हणून शर्यत पूर्वेकडं पळवू नका. शेवटच्या रेषेपुढं दहा-पंधरा मीटर मोकळी जागा हवी; रेषेला लागूनच कंपाऊंडची भिंत असेल तर पोरं हात पुढं करून भिंतीवर आदळतात. शेवटची दोरी लोकरीची धरा आणि सैल धरा.

संघ कसे पाडायचे

वर्गवार संघ पाडले की सातवीच जिंकणार. त्याऐवजी पहिली ते सातवीची पोरं मिसळून चार संघ करा आणि त्यांना आपल्या नद्यांची नावं द्या: मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय, वेदगंगा. शर्यत मात्र एका वयाच्या पोरांतच लावा. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन आणि शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला एक गुण. या एका गुणामुळं मागं पडलेलं पोरही शेवटपर्यंत पळतं, कारण त्याचा संघ त्याला ओरडून बोलावत असतो.

वेळेचा हिशेब आधी कागदावर मांडा. १२० पोरं आणि सहा पट्टे असतील तर एका शर्यतीच्या २० फेऱ्या होतात. फेरीला दोन मिनिटं धरली तरी ४० मिनिटं जातात. म्हणून मैदानाचे तीन कोपरे करून तीन खेळ एकदम चालवा आणि संघ फिरते ठेवा.

आपल्याकडं एकाच मैदानावर मराठी, कन्नड आणि उर्दू शाळांची पोरं येतात. नियम माईकवरून लांबलचक सांगत बसू नका. दोन मोठ्या पोरांना पुढं करून खेळ एकदा करून दाखवा, आणि सुरुवात फक्त शिट्टीवर ठेवा.

शर्यती

बटाटा वेचणं हा माझ्या मते सगळ्यात सोयीचा खेळ, विशेषतः शहरातल्या गल्लीसाठी, जिथं मैदान असं नसतंच. प्रत्येकाच्या पट्ट्यात दोन-दोन मीटरवर पाच बटाटे ठेवा आणि सुरुवातीच्या रेषेवर एक बुट्टी. एकेक बटाटा उचलून आणायचा, बुट्टीत टाकायचा आणि पुढच्यासाठी पळायचं. दहा मीटरच्या जागेत पोराचं ६० मीटर पळणं होतं. वळताना तोल सांभाळावा लागतो, म्हणून नुसता वेगवान पोरगा जिंकेलच असं नाही. बटाटा बुट्टीत ठेवायचा, लांबून फेकायचा नाही. बाहेर पडला तर स्वतः उचलून आत टाकायचा.

लिंबू-चमच्यात चमचा तोंडात धरायला लावण्याची पद्धत सोडून द्या. पोर तोंडावर पडलं तर चमचा घशात रुततो. चमचा हातात आणि दुसरा हात पाठीमागं, एवढंही अवघड होतं. लिंबू पडलं तर बाद करू नका. पडलं तिथंच थांबून, उचलून, चमच्यात ठेवून पुढं जायचं. लहानांना मोठा चमचा द्या.

पोत्याच्या शर्यतीला तागाची पोती घ्या. प्लॅस्टिकची पोती मातीवर घसरतात. खताची पोती वापरू नका. निपाणी भागात तंबाखूची पोतीही सहज मिळतात, तीही नकोत; उडी मारताना त्यातली धूळ सरळ नाकातोंडात जाते. तांदळाची किंवा साखरेची पोती आदल्या दिवशी उलटी करून झटकून उन्हात टाका. पोतं कमरेपर्यंत आलं पाहिजे आणि काठ दोन्ही हातांनी घट्ट धरलेला हवा. अंतर २० मीटर पुष्कळ झालं. जागेवर भाताचं पिंजर पातळ पसरा, म्हणजे पडलं तरी गुडघे सोलत नाहीत.

तीन पायांच्या शर्यतीत उंचीनं जोड्या लावा. सुतळीनं बांधू नका, जुन्या साडीची रुंद पट्टी घोट्याच्या जरा वर बांधा. पोरांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकायचा आणि बांधलेला पाय आधी उचलायचा. शर्यतीआधी दहा मिनिटं नुसतं चालू द्या. “बांधलेला, मोकळा, बांधलेला, मोकळा” असं दोघांनी मोठ्यानं म्हणत चाललं की पावलं जुळतात. मग वेग आपोआप येतो.

संगीत खुर्चीत लहानांसाठी एक बदल करा: खुर्ची कमी करत जा, पोर नको. गाणं थांबलं की सगळ्यांनी उरलेल्या खुर्च्यांवर कसंही मावायचं. बेडूकउडी, सुई-दोरा नेहमीचेच, ते सगळ्यांना येतात.

मोठ्यांना मैदानात आणा

महिला मंडळासाठी घागरीची शर्यत ठेवा. घागर अर्धी भरा. पळायचं नाही, चालायचं. ३० मीटर गेल्यावर जिच्या घागरीत पाणी जास्त उरेल ती जिंकली. साडी नेसून पळायला लावलं तर बायका पडतात. आज्जी-आजोबांना खुर्चीत बसवून तीन मीटरवरच्या बादलीत चेंडू टाकायला द्या.

रस्सीखेच शेवटी. तालमींच्या या मुलखात तिला सगळ्यात जास्त गर्दी होते. दोन्हीकडं आठ-आठ जण, आणि होता होईल तो वजनानं सारखे. विहिरीचा जुना नाडा आधी हातभर-हातभर तपासा. कुठं झिजलेला दिसला तर बाजूला ठेवा. नायलॉनची बारीक दोरी तळहात कापते, ती नको. दोरी हाताला किंवा कमरेला गुंडाळायची नाही, हे सुरुवातीलाच दोनदा बजावा. एकदम सोडून द्यायचीही नाही. मधोमध रुमाल बांधा आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरवर रेषा मारा; रुमाल ज्यांच्या रेषेपलीकडं गेला ते जिंकले. तीन ओढींत निकाल.

दम्याचा, फिट्सचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या पोरांची नावं पालकांकडून आधीच लिहून घ्या. त्यांना शिट्टी, गुणफलक आणि दोरी धरण्याचं काम द्या, म्हणजे तीही खेळात राहतात. सावलीत पाण्याची टाकी, प्रथमोपचार पेटी आणि तिथून न हलणारा एक माणूस हवाच. पोरांना सकाळी उपाशी आणू नका; उप्पीट किंवा पोहे तासभर आधी खायला घाला.

बक्षीस समारंभ वीस मिनिटांत संपवा. गुण मिळवलेल्या प्रत्येकाला एक पेन्सिल आणि चिरमुऱ्याचा लाडू, जिंकलेल्या संघाला कुंद्याचा (बेळगावच्या दुधाच्या मिठाईचा) डबा वाटून खायला. पोती, चमचे आणि नाडा कुणाकडून आणले त्याची यादी ज्याच्याकडं आहे, त्यानंच त्या संध्याकाळी ते परत पोचवावेत.