कलम २८ पुन्हा वाचलंस का?

एका बालहक्क संस्थेत रुजू झाले तेव्हा पहिलंच काम मिळालं ते पर्यायी अहवालातल्या एका प्रकरणाचा मसुदा लिहिण्याचं. सरकार आपला अहवाल संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीला देतं, तेव्हा त्या देशातल्या संस्थाही आपलं म्हणणं वेगळं मांडतात. तो पर्यायी अहवाल. मी ठासून लिहिलं, की लहानग्यांना पूर्वप्राथमिक वर्ग न मिळणं हा बालहक्क कराराच्या कलम २८चा भंग आहे. मसुदा परत आला. समासात वरिष्ठ ताईंनी लिहिलं होतं, ‘कलम २८ पुन्हा वाचलंस का?’

वाचलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत, माध्यमिक आहे, उच्च शिक्षणही आहे. पूर्वप्राथमिकचं नावसुद्धा नाही! १९८९ साली मंजूर झालेला, जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी स्वीकारलेला करार, आणि शाळेआधीच्या वर्षांच्या शिक्षणाबद्दल गप्प. त्या दिवशी मी खरोखर हादरले.

म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी समितीची २००५ सालची सर्वसाधारण टिप्पणी क्र. ७ वाचायला सांगते. शिक्षणाचा हक्क जन्मापासून सुरू होतो, असा अर्थ समितीने तिथे लावला आहे आणि बालपणाचा हा पहिला टप्पा आठ वर्षांपर्यंतचा धरला आहे. पण टिप्पणी म्हणजे करार नव्हे. सरकारं तिला सहज बगल देतात. ही फट बुजवण्यासाठी नवा ऐच्छिक प्रोटोकॉल, म्हणजे मूळ कराराला जोडलेला आणि देशांनी स्वतःहून स्वीकारायचा पूरक करार, करावा का, यावर विचार करायला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जुलै २०२४ मध्ये कार्यगट नेमला. या क्षेत्रात पाऊल टाकायला याहून चांगला काळ मला तरी आठवत नाही.

काम कुठे मिळेल? १९४६ साली स्थापन झालेली युनिसेफ मुख्यतः सरकारांबरोबर काम करते. एग्लंटाइन जेब यांनी १९१९ साली बहिणीसोबत उभी केलेली सेव्ह द चिल्ड्रन वस्त्यांमध्ये आणि आपत्तीत थेट उतरते. पण नवख्यांनी ओमेपकडे जरूर बघावं. १९४८ साली प्रागमध्ये स्थापन झालेली ही संघटना फक्त बालशिक्षणासाठीच आहे. अनेक देशांत तिच्या राष्ट्रीय समित्या आहेत, आणि त्यांत शिक्षक आणि संशोधक एकत्र बसतात. मोठ्या पदाची वाट न बघता कामाला लागता येतं.

त्याआधी काही महिने तीन-चार वर्षांच्या मुलांसोबत जमिनीवर बसून काढा. मी ते उशिरा केलं. खेळाचा हक्क देणारं कलम ३१ मला पाठ होतं. पण ठोकळ्यांचा मनोरा पाडून तोच पुन्हा रचणारं मूल तासभर पाहिलं, तेव्हा कुठे अहवालात ‘खेळ’ या शब्दाखाली नेमकं काय लिहायचं ते कळलं.

मुलाखतीत संस्थेचं बालसुरक्षा धोरण मागून घ्या. ते दाखवायला टाळाटाळ झाली, तर ती जागा सोडून द्या, पगार कितीही असो.

अर्ज करण्याआधी एक गृहपाठ करा. देशाचा अहवाल तपासून झाल्यावर समिती आपली निरीक्षणं आणि शिफारशी एका दस्तऐवजात देते, त्याला समारोपीय निरीक्षणं म्हणतात. कुठलाही एक देश निवडा आणि त्याला मिळालेले असे शेवटचे दोन दस्तऐवज शेजारी ठेवून वाचा. जी वाक्यं दोन्हीकडे जवळपास तशीच आलेली दिसतील, त्यांच्याखाली रेघ मारा. मुलाखतीला जाताना तो कागद सोबत न्या.