जनरेटर वर्षभर पडून असतो? मग पेट्रोल आणि कार्बोरेटरची ही तयारी करून ठेवा

पुण्यात छोटा पेट्रोल जनरेटर घेतलेल्यांचं एक ठरलेलं असतं, मशिन लागतं ते पावसाळ्याच्या आसपास, म्हणजे वळवाच्या पावसात झाड पडून तार तुटली किंवा गुरुवारचं महावितरणचं दुरुस्तीचं काम संध्याकाळपर्यंत लांबलं तर, आणि बाकीचं वर्ष ते जिन्याखाली नाहीतर पार्किंगच्या कोपऱ्यात पोतं पांघरून पडलेलं असतं. मग जूनमधे लाइट गेली की दोरी ओढून ओढून खांदा दुखतो आणि मशिन ढिम्म हलत नाही. बहुतेक वेळा इंजिनला काहीच झालेलं नसतं, आतलं पेट्रोल शिळं झालेलं असतं. दोन-तीन केव्हीएचं, दोरीने सुरू होणारं, कार्बोरेटरवालं (कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) मशिन ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, शेतावरच्या पेट्रोलवर चालणाऱ्या पाण्याच्या पंपालाही बरंचसं हेच लागू आहे.

तयारी खरंतर जूनमधे नाही, दिवाळीनंतर सुरू होते. दिवाळी झाली, पाऊस गेला, आता मशिन मेपर्यंत लागणार नाही असं वाटलं की टाकी रिकामी करा. पूर्ण रिकामी, तळाला राहिलेलं अर्धा लिटरही नको. पेट्रोल उघड्यावर ठेवलं की त्यातला हलका भाग आधी उडून जातो, तोच भाग थंड इंजिनाला पेट घ्यायला लागतो, आणि मागे जे राहतं ते हळूहळू काकवीसारखं चिकट होऊन जेटच्या, म्हणजे कार्बोरेटरमधे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याच्या, भोकात बसतं. ही भोकं मिलिमीटरच्याही खालची असतात, त्यामुळे डोळ्याला न दिसणारा थरसुद्धा पुरतो. त्यात आता पंपावर मिळणारं पेट्रोल इथेनॉलवालं, २०२२ मधे १० टक्क्यांवर पोचलं ते २०२५ मधे २० टक्क्यांवर आलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, मर्यादेबाहेर पाणी झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं आणि कार्बोरेटरला पेट्रोल जातं ते टाकीच्या तळातूनच. जुन्या मशिनच्या पुस्तकात बहुतेक वेळा १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलेलं असतं, एकदा काढून वाचा, कारण जुने रबरी पाइप आणि वॉशर इथेनॉलने फुगतात नाहीतर कडक होऊन तडकतात. बोटाने दाबून बघा, पाइप चिकट किंवा कडक लागला तर बदला, नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो, फक्त पेट्रोलसाठीचा मागून घ्या, साधा पारदर्शक पाण्याचा पाइप लावू नका.

टाकी रिकामी झाली तरी काम संपत नाही, आणि इथेच बरेच जण चुकतात. पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालची चावी, बंद करून मशिन चालू द्यायचं, आपोआप बंद पडेपर्यंत, हे सगळ्यांना माहीत असतं, पण तसं केल्यावरही कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत थोडं पेट्रोल उरतंच, कारण पातळी जेटच्या खाली गेली की इंजिनला ते ओढताच येत नाही. ते उरलेलं काही चमचेच सहा महिने वाळत बसतात. तर मशिन गार होऊ द्या, वाटीच्या तळाला एक छोटा स्क्रू असतो तो पान्याने सैल करा, खाली काचेची बाटली धरा आणि जे येईल ते त्यात घ्या. बाटली दोन मिनिटं स्थिर ठेवली की कळतं, तळाला वेगळा थर किंवा गोळ्या दिसल्या तर पाणी आहे. शेजारच्या काकांच्या मशिनची वाटी उघडली तेव्हा आत पांढरी पावडर आणि पितळेच्या जेटवर हिरवट बुरशीसारखा थर होता, आणि मशिन बाहेरून शोरूममधून आणल्यासारखं चकचकीत. कॉकच्या खाली गाळ धरणारी छोटी वाटी असेल तर तीही काढून धुवा, आतली जाळी फाटलीय का बघा.

टाकी भरलेली ठेवायची की रिकामी यावर लोक तावातावाने बोलतात. बर्फाच्या देशात बर्फ उडवायचं मशिन उन्हाळाभर पडून असतं, तिथे बरेच जण स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर शिळं होऊ नये म्हणून घालायचं रसायन) घालून टाकी गच्च भरून ठेवतात म्हणजे रिकाम्या पत्र्याला आतून ओलावा लागत नाही. आपल्याकडे उलटं आहे, आपलं मशिन पडून असतं ते नोव्हेंबर ते मे, पुण्याच्या कोरड्या हवेत, आणि दमट पावसाळ्यात ते वापरात असतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, हिवाळा-उन्हाळा टाकी कोरडी आणि पावसाळ्यात भरलेली. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी हे डोळे झाकून उचलू नये, तिथे हवा बाराही महिने दमट. स्टॅबिलायझर ऑनलाइन मिळतं, वापरायचं असेल तर ताज्या पेट्रोलमधे घालायचं आणि मग मशिन पाच-दहा मिनिटं चालवायचं, नाहीतर ते टाकीतच राहतं आणि वाटीत जुनंच पेट्रोल. शिळं झालेलं पेट्रोल त्याने परत ताजं होत नाही.

ठेवण्याआधी अजून दोन छोटी कामं. इंजिन ऑइल काळं झालं असेल तर आत्ताच बदला, मेमधे नाही, कारण जळलेल्या तेलातलं आम्ल इंजिनात तसंच बसून राहतं. आणि स्पार्क प्लग काढून आत चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोरी हळू दोन-तीनदा ओढा म्हणजे तेल पसरतं, प्लग परत लावा आणि मग दोरी जड लागेल तिथे थांबा, त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि बाहेरची हवा आत जात नाही. कापडाचं कव्हर घाला, प्लास्टिकचं नको. एअर फिल्टरमधे उंदीर घर करतात, स्पंज कुरतडतात, तेवढं झाकून घ्या.

आता मे. शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका, वळीव त्याच्याही आधी येतो. ताजं पेट्रोल आणा, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कॅनमधून, बाटलीत पंपवाले देत नाहीत आणि देऊही नये. इथेनॉल नसलेलं महागडं पेट्रोल जवळच्या पंपावर मिळतंय का ते विचारून घ्या, अशा मशिनला वर्षाला लागतं किती, परवडतं. कॅनवर मार्करने तारीख लिहा, महिना-दीड महिना झाला की ते स्कूटरमधे ओता आणि नवीन आणा. ऑइलची पातळी बघा, कमी असेल तर बऱ्याच मशिनमधे सेन्सर ठिणगीच बंद करतो आणि माणूस उगाच कार्बोरेटर खोलत बसतो. कॉक उघडून मिनिटभर थांबा, वाटी भरू द्या, मग चोक आणि दोरी.

सुरू झालं की कान द्या. चोकवर चालतं आणि चोक काढला की बंद पडतं, तर बारीक जेट तुंबलाय. रेस सारखी वर-खाली होते, बल्ब फडफडतो, तर पेट्रोल कमी पोचतंय, तेही जेटचंच. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल टपकतंय तर आतली फ्लोटची सुई, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी, अडकलीय, ताबडतोब कॉक बंद करा आणि तिथे ठिणगी, सिगरेट काही नको. साफ करायचं तर खोलताना मोबाइलवर फोटो काढत जा, जेट कार्ब क्लीनरच्या स्प्रेने आणि हवेने साफ करा, फारतर वायरमधली तांब्याची एक बारीक तार घाला, टाचणी किंवा सुई अजिबात नको, भोक मोठं झालं की मशिन कायमचं पेट्रोल पिणार. रबरी भाग क्लीनरमधे बुडवू नका. आणि गव्हर्नरच्या, म्हणजे इंजिनचा वेग एकसारखा ठेवणाऱ्या भागाच्या, स्क्रूला हात लावू नका, ५० हर्ट्झसाठी बहुतेक मशिन ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांना, बांधलेली असतात, ते बिघडलं तर फ्रिज-टीव्हीला महागात पडतं.

पावसाळाभर महिन्यातून एकदा मशिन चालवा, गुरुवारी लाइट गेली तर आयतीच वेळ. वीसेक मिनिटं आणि लोडवर, पंखे-दिवे किंवा झेपत असेल तर इस्त्री लावून, कारण रिकामं दोन मिनिटं फिरवून बंद केलं तर इंजिन तापत नाही आणि सायलेन्सरमधे पाणीच साठतं. मशिन उघड्यावर, खिडकी-दारापासून लांब, बाल्कनीत, डक्टमधे किंवा बंद पार्किंगमधे कधीच नाही, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घराच्या वायरिंगला जोडायचं तर चेंजओव्हर स्विच (महावितरणची लाइन तोडून घर जनरेटरवर घेणारा) हवाच, तपकीर गल्लीत मिळेल, पण बसवून इलेक्ट्रिशियनकडूनच घ्या, जनरेटरची वायर थेट घराच्या सॉकेटमधे लावून उलटा करंट सोडला तर खांबावर काम करणारा वायरमन मरू शकतो.

राहिलं दिवाळीला काढलेलं पेट्रोल. स्वच्छ असेल, नेहमीचा वास येत असेल तर बारीक जाळीतून गाळून गाडीच्या भरलेल्या टाकीत थोडं थोडं मिसळून संपवा. आंबूस वास येतोय, रंग गडद झालाय किंवा तळाला पाणी दिसतंय तर गाडीत नको, गटारात तर नकोच, ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारा, पार्ट धुवायला बऱ्याचदा ठेवून घेतात.