तहसील, बँक, सेतू: डोकं शांत ठेवून

दिवस रांगेमुळे कमी बिघडतो, "झेरॉक्स कुठंय?" या प्रश्नाने जास्त. म्हणून आदल्या रात्रीच आधार, रेशनकार्ड, वीजबिलाच्या तीन-तीन झेरॉक्स, चार फोटो, पेन आणि गोंद एका फोल्डरमध्ये भरा. मूळ कागद वेगळ्या कप्प्यात, नाहीतर घाईत तेच खिडकीतून आत जातात आणि मग शोधाशोध. सुटे पैसे घ्याच.

एका दिवसात दोन कामं, फार तर तीन. सर्वांत किचकट काम आधी. राज्य शासनाची कार्यालयं पावणेदहाला उघडतात, शनिवारी बंद. बँका दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद. एक ते दोनच्या दरम्यान जेवणाची सुट्टी असते, तेव्हा तुम्हीही खाऊन घ्या. खिडकीवरची निम्मी भांडणं भुकेची असतात.

"सर्व्हर डाऊन आहे" ऐकलं की आवाज चढवू नका, समोरच्याच्या हातात काही नसतं. त्याऐवजी म्हणा, "साहेब, तोवर कागद तेवढे बघता का?" त्रुटी तेव्हाच कळते आणि पुढची खेप वाचते.

"उद्या या" मात्र निमूट ऐकू नका. नेमकं काय कमी आहे ते लिहून मागा, अर्जाची पोच घ्या. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. ती टळली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत प्रथम अपील करता येतं. पोच नसेल तर मुदत कुठून मोजणार?