डेटाबेसमधला मोठा अपडेट मधेच थांबवता यायला हवा, तर हे करा

एकाच अपडेटमध्ये टेबलातल्या 50 लाख रो (ओळी) बदलायला घेतल्या आणि मधेच कॅन्सल केलं की काय होतं? मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये (त्याचं डेटा साठवणारं इंजिन) तोवर केलेला प्रत्येक बदल अनडू लॉगमधून (जुन्या डेटाची नोंद) उलटा फिरवावा लागतो, या उलट फिरवण्याला म्हणजे रोलबॅकला कधी कधी मूळ कामापेक्षा जास्त वेळ जातो, आणि वैतागून सर्व्हर रिस्टार्ट केलात तरी तो रोलबॅक परत सुरू होतो, म्हणून ते अजिबात करू नका. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये रोलबॅक झटकन होतो पण मेलेल्या म्हणजे आता निरुपयोगी रो टेबलात तशाच पडून राहतात, त्या व्हॅक्यूम या सफाईच्या कमांडने साफ कराव्या लागतात.

त्यामुळे काम तुकड्यांत करा. प्रायमरी कीच्या (प्रत्येक रोचा वेगळा आयडी) क्रमाने 5000 रो घ्या, अपडेट करा, शेवटचा आयडी एका छोट्या प्रोग्रेस टेबलात त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा, कमिट करा म्हणजे बदल पक्का करा, मग कॅन्सलचा फ्लॅग (थांबायचं सांगणारी खूण) बघा. फ्लॅग दिसला की लूपमधून बाहेर, उद्या त्याच आयडीपासून पुढे चालू. ऑफसेट (इतक्या रो सोडून पुढच्या घे असं सांगणं) वापरू नका हां, पुढे पुढे फार हळू होतं.

आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात, ॲप बंद केलं म्हणजे क्वेरी थांबली असं नसतं, सर्व्हरवर ती चालूच राहू शकते. पोस्टग्रेसमध्ये दुसऱ्या कनेक्शनवरून पीजी_कॅन्सल_बॅकएंड या फंक्शनला ती क्वेरी चालवणाऱ्या प्रोसेसचा नंबर म्हणजे पीआयडी द्या, मायएसक्यूएलमध्ये किल क्वेरी ही कमांड. पोस्टग्रेसमध्ये स्टेटमेंट टाइमआउटही (एका क्वेरीला वेळेची मर्यादा) लावून ठेवा, तुकडा लहान असेल तर 30 सेकंद भरपूर झाले.