मागे स्टेपनी टांगताय? या चुका टाळा

शनिवारी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तासभर उभं राहिलं की कळतं, लोक स्टेपनी कॅरियर, म्हणजे गाडीच्या मागे जादा टायर टांगायचा सांगाडा, कसा निवडतात. मोबाइलवर फोटो दाखवायचा, "अस्साच पाहिजे" म्हणायचं आणि मग पाचशे रुपयांसाठी घासाघीस. टायर किती किलोचा आणि ते वजन गाडीच्या कुठल्या भागावर येणार, हे ना गिऱ्हाईक विचारत, ना दुकानदार सांगत. आधी मारुतीची जिप्सी आणि आता जिम्नी वापरताना मी त्याच त्या चुका इतक्या वेळा पाहिल्या आहेत की आता ऐकवल्याशिवाय राहवत नाही.

मोठा टायर, जुनंच दार

जिम्नीचा कंपनीचा टायर १९५/८० आर१५, व्यास साधारण ६९३ मिलिमीटर. हौशी मंडळी २३५/७५ आर१५ चढवतात, तो होतो ७३३. स्टेपनीचा मधला भाग दारावर आहे तिथेच राहतो, म्हणजे टायरची खालची कड बंपरकडे २० मिलिमीटर सरकते. टायर ४० मिलिमीटर जास्त रुंदही असतो, त्यामुळे वजन दारापासून आणखी मागे जातं. लोखंडी रिमसकट जाड मड टायर ३० किलोच्या आसपास सहज भरतो. ते सगळं पेलायचं कोणी? एका बाजूच्या बिजागऱ्यांनी आणि दुसऱ्या बाजूच्या एका लॅचने. गाडी उभी असताना काही होत नाही. खड्ड्यात आपटली की तेच ३० किलो कितीतरी पटींनी ओढ घेतात.

माझ्या एका वर्सोव्याच्या मित्राने हेच केलं. टायर बंपरला लागतो म्हणून वेल्डिंगवाल्याकडून दाराच्या पत्र्यावरच एक उंच ब्रॅकेट मारून घेतला. दोन तासांत काम झालं, वर काळा स्प्रे. स्वारी खूश. पुढच्या पावसाळ्यात आम्ही कोकणात निघालो. वडखळच्या पुढे मागून खडखड यायला लागली. तो म्हणाला, जॅक हलत असेल. माणगावला चहाला थांबलो, त्याने दार उघडलं आणि ते बोटभर खाली बसलं. परत लागेच ना. खालच्या बिजागरीपाशी पत्र्याला भेग गेलेली आणि वेल्डच्या कडेने तांबूस गंजाचा ओघळ थेट खालपर्यंत आलेला. म्हणजे भेग आजची नव्हती, महिन्यांपूर्वीची होती. वेल्डिंगच्या आचेने पत्र्याच्या आतल्या बाजूचा रंग जळाला होता. बाहेरून स्प्रे मारला, आत कोण मारणार? वर्सोव्याची खारी हवा, त्यात पाऊस. गंजाला आणखी काय हवं? मागची सीट पाडून टायर आत घेतला, दार नाड्याने आवळून बांधलं आणि तसेच मुंबईला परतलो. शेवटी नवीन दार घ्यावं लागलं. वाचवलेल्या पैशांचा हिशेब मी त्याला विचारला नाही, पण दर पावसाळ्यात त्याची आठवण काढतो.

तेव्हा दाराच्या पत्र्यावर वेल्डिंग नको म्हणजे नको. टायर थोडाच मोठा असेल तर बिजागऱ्यांपासून आडवी जाणारी, बोल्टने बसणारी मजबुतीची प्लेट घ्या, ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, हादऱ्यांनी सैल न होणारे) वापरा. टायर बराच मोठा असेल तर वजन दारावरून काढा आणि चेसिसला पकडलेल्या मागच्या बंपरवर फिरता दांडा (फाटकासारखा बाजूला उघडणारा) असलेला कॅरियर बसवा. बसवून झालं की मी टायर वरून दोन्ही हातांनी धरतो आणि जोरात हलवतो. सगळी गाडी स्प्रिंगवर डुलली तर काम ठीक. नुसतं दार किंवा नुसता दांडा हलला तर पैसे द्यायच्या आधीच परत उघडायला लावतो.

फिरता दांडा घेताना

दांडा कशावर फिरतो ते बघा. नुसती पिनेत पिन असेल तर वर्षभरात लोंबायला लागतो. टेपर रोलर बेअरिंग आणि ग्रीस भरायला निपल हवंच. मी पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास ग्रीस मारतो, का ते विचारू नका, सवय आहे. दांडा पूर्ण उघडल्यावर अडकवणारा खटका आहे ना, हेही तपासा. राजमाचीच्या वाटेवर गाडी चढाला उभी होती, तेव्हा खटका नसलेला एक दांडा आपोआप परत आला आणि मित्राच्या ढोपरावर बसला. नशीब, हाड शाबूत राहिलं.

आणि ऑर्डर देण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेप घेऊन जा. आधी दांडा उघडायचा, मग दार. मागे भिंत आणि शेजारी काकांची होंडा सिटी असेल तर भाजीची पिशवी ठेवायलाही दर वेळी गाडी पुढे काढावी लागेल.

बाकीच्या चुका

चार टायर मोठे आणि स्टेपनी जुनी छोटीच, कारण कॅरियरवर तीच मावते! वर दिलेल्या मापांत जवळजवळ ६ टक्के फरक आहे. पंक्चर झाल्यावर ती लावून कोरड्या, घट्ट जमिनीवर फोर व्हील टाकलंत तर गिअर-डिफरेन्शियलचं काय होतं ते बिलावर वाचायला मिळतं.

खडखड येते म्हणून नट आवळत बसू नका. बहुतेकदा टायर किंवा दांडा टेकतो तो रबराचा बफर झिजलेला किंवा मागे गेलेला असतो. दार लावताना तो किंचित दबला पाहिजे.

कॅरियरवर जेरी कॅन, फावडं, मोठा जॅक असं सगळं लटकवू नका. २० लिटर डिझेलच १७ किलोच्या आसपास भरतं. कपड्यांची दांडी नाहीये ती.

नंबर प्लेट, ब्रेक लाइट आणि रिव्हर्स कॅमेरा टायरमागे झाकले गेले की नाही, ते कोणीतरी मागे उभं राहून बघा. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. "सगळेच लावतात" हे हवालदाराला सांगून बघा.

शेवटचं: रस्त्यावर गाडी लावत असाल तर स्टेपनीला एक लॉक नट घ्याच. त्याची चावी मात्र डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. माझी एकदा घरी खिळ्याला राहिली होती, आणि पंक्चर झालं माळशेज घाटात.