गावच्या ॲडव्हेंटिस्ट मंडळीचा इतिहास कसा लिहावा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात वीस-पंचवीस घरांची ॲडव्हेंटिस्ट मंडळी, म्हणजे शनिवार पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं चर्च, असते आणि तिचा लिहिलेला इतिहास म्हणजे बहुधा एका पत्रिकेची मागची बाजू असते. तिथं पाळकांची नावं ओळीनं दिलेली आणि खाली इमारतीच्या उद्घाटनाची तारीख. या मंडळ्यांत पाळकांची बदली होत राहते. ते येतात, जीव लावून काम करतात आणि जातात. मंडळी टिकते ती दर शनिवारी सतरंजीवर येऊन बसणाऱ्यांमुळं, त्यातही बायकांमुळं. इतिहास त्यांच्याकडून लिहून घ्यायचा. एकेक जुनं माणूस ख्रिस्तवासी होत चाललंय, तेव्हा पुढच्या वर्षी बघू म्हणू नका.

सुरुवात सभासदांच्या वहीपासून

मंडळीच्या क्लार्ककडे, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्याकडे, सभासदांची वही असते. ती आधी मागा. नावापुढं तो सभासद कसा आला ते लिहिलेलं असतं: बाप्तिस्म्यानं, दुसऱ्या मंडळीच्या पत्रानं की विश्वासाच्या कबुलीनं. या रकान्याकडं नीट बघा. कबुलीनं आलेली माणसं बहुधा आधीच कुठल्या तरी ख्रिस्ती मंडळीत असतात, म्हणजे त्या घराची गोष्ट आणखी मागं जाते. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली आले आणि पुढं हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. त्यामुळं एखाद्या घराण्याचा माग काढताना तिकडच्या जुन्या मंडळ्यांची रजिस्टरंही विचारावी लागतील.

वहीचं प्रत्येक पान दिवसाउजेडी, फ्लॅश न लावता मोबाईलवर टिपा. पहिला फोटो मुखपृष्ठाचा घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी कुठलं पान कुठल्या वहीतलं ते कळत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिजलेल्या वह्या असतील तर चिकटलेली पानं ओढू नका. सावलीत, पंख्याखाली, मध्ये कोरे कागद घालून वाळू द्या. लॅमिनेशन तर कधीच करू नका.

स्थापना कधीची? एक तारीख पुरत नाही

घोळ सगळ्यात जास्त इथंच होतो. ॲडव्हेंटिस्ट पद्धतीत आधी घराघरांत जमणारा गट असतो, मग त्याला ‘कंपनी’ म्हणून मान्यता मिळते आणि पुरेसे सभासद झाले की ‘ऑर्गनाइज्ड चर्च’ होतं. एकजण पहिल्या प्रार्थनेचं साल सांगतो, दुसरा कंपनी झाल्याचं, तिसरा इमारतीचं. तिघंही खरं बोलत असतात. सगळी सालं वेगवेगळी लिहा. त्यांतलं एक निवडून बाकीची खोटी ठरवू नका.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. हा पंथ अमेरिकेत १८६३ साली संघटित झाला आणि त्याचे पुस्तकविक्रेते कार्यकर्ते १८९३ मध्ये मद्रासला उतरले. कुणी ‘आमची मंडळी वायल्डरसाहेबाच्या वेळची’ म्हटलं तर ते घराच्या ख्रिस्ती होण्याबद्दल असेल, या मंडळीबद्दल नव्हे.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका

साल विचारलं की माणूस गोंधळतो, नाहीतर तुम्हाला बरं वाटावं म्हणून एखादं ठोकून देतो. गावाला ठाऊक असलेली खूण विचारा. संस्थान विलीन झालं ते १ मार्च १९४९ ला, त्याच्या आधी की नंतर? कोयनेचा भूकंप झाला ती ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, तेव्हा प्रार्थना कुणाच्या सोप्यात व्हायची? बहात्तरच्या दुष्काळात बाप्तिस्म्याला पाणी कुठं मिळालं? या मंडळीत बाप्तिस्मा पूर्ण बुडवून देतात, त्यामुळं विहीर, नदीचा डोह किंवा तलाव प्रत्येकाच्या आठवणीत पक्का असतो. ‘माझं थोरलं पोर तवा कडेवर हुतं’ असं आजी म्हणाली की त्या पोराचा शाळेचा दाखला बघा. साल हाताशी येतं.

आता खरा प्रश्न. तो सगळ्यांना विचारा आणि उत्तराला घाई करू नका: शनिवार कसा पाळला?

शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी दिवस मावळेपर्यंत शब्बाथ, म्हणजे काम बंद ठेवायचा पवित्र दिवस. कोल्हापूरच्या शेतीत याचा अर्थ काय होतो ते बाहेरच्या माणसाला सहज कळत नाही. उपशाच्या पाण्याची पाळी शुक्रवारी रात्री आली तर ऊस वाळू द्यायचा, की शेजाऱ्याशी पाळी बदलून घ्यायची? बदलून कोण द्यायचं? कारखान्याचा हंगाम सुरू असताना शनिवारची ड्यूटी कशी टाळली? परीक्षेचा पेपर शनिवारी आला तेव्हा पोराला बसवलं की वर्ष घालवलं? दूध तर काढावंच लागतं, ते डेअरीला घातलं का? मजुरीवर पोट असलेल्या घराला आठवड्यातला एक रोज सोडणं किती जड गेलं? या उत्तरांत मंडळीचा सगळा जीव आहे. कुणी नोकरी सोडलेली असते, कुणाला शेजारच्या मराठ्याच्या घरानं वर्षानुवर्षं बिनबोभाट पाळी बदलून दिलेली असते. तेही लिहा. आणि कुणी दोन वर्षं येणं बंद केलं असेल, तर त्याचंही म्हणणं त्याच्या शब्दांत घ्या.

सरकारी कागद

जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा आणि जुने फेरफार बघा. जमीन कुणी विकली की बक्षीस दिली, ते फेरफारात सापडतं. नाव एखाद्या सभासदाचं असेल किंवा इंडिया फायनान्शियल असोसिएशन ऑफ सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट्सचं. ट्रस्ट नोंदलेला असेल तर धर्मादाय कार्यालयात उतारा मिळतो. जागेचे कागद काढायला लागलात की गावात कुजबुज होते, म्हणून आधी पाळक आणि मंडळीच्या वडिलांना (एल्डरांना) सांगून ठेवा. संस्थानकाळातले कागद मोडीत असतील तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात चौकशी करा, मोडी वाचणारी माणसं तिथून कळतात.

पंथाची जुनी इयरबुकं आणि मासिकं त्यांच्या जागतिक अभिलेखागारानं इंटरनेटवर ठेवली आहेत. शोधताना गावाच्या नावाची दोन-चार स्पेलिंगं करून बघा, कोल्हापूरही जुन्या इंग्रजी कागदांत ‘कोलापूर’ म्हणून येतं. पुण्यात पंथाचं स्पायसर विद्यापीठ आहे, तिथं कुणी नातलग शिकत असेल तर त्याला ग्रंथालयात पाठवा.

कुणाचं नाव छापायचं

इथं मी फार हट्टी आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. त्यामुळं एकाच माणसाचा धर्म शाळेच्या दाखल्यावर एक आणि मंडळीच्या वहीत दुसरा असू शकतो. तुमच्या पुस्तिकेतल्या एका ओळीनं कुणाच्या नातवाची नोकरी अडचणीत येता कामा नये. हयात माणसाचं नाव त्याच्या परवानगीशिवाय छापू नका आणि वहीतून कुणाला का कमी केलं, हे तर मुळीच नको. पण म्हणून जातीचा विषय गाळूही नका. कुठल्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, दफनाला जागा कशी मिळाली, हे नावं न घेता पूर्ण लिहिता येतं, आणि लिहिलंच पाहिजे.

वहीत बाईची नोंद नुसती ‘अमक्याची बायको’ अशी असेल तर घरी जाऊन तिचं नाव विचारा. माहेरचंही.

लिहून झाल्यावर

ज्यांनी आठवणी सांगितल्या त्यांच्याच शब्दांत निदान एकेक परिच्छेद ठेवा. त्यांचं बोलणं पुस्तकी करू नका. छापण्याआधी एका शनिवारी दुपारी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. लोक मध्येच अडवतील, भांडतीलही. दोन घरं एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगत असतील तर दोन्ही छापा. दुरुस्त्या झाल्या की प्रती काढा: प्रत्येक घरात एक, क्लार्ककडे एक, पुण्याला स्पायसरमध्ये एक आणि कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिरात एक. मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज आणि वहीचे फोटो गावाबाहेर राहणाऱ्या एखाद्या सभासदाकडेही ठेवा, म्हणजे पुढच्या महापुरात सगळं एकदम जाणार नाही.